कुठल्या तिथीचा दिवस

समीक्षा मॅडमनी प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद दिला आणि त्यावर मोठं वर्तुळ काढायला सांगितलं.

"हे तुमचं घड्याळ. यात तुमचा रोजचा दिवस भरायचा. किती वाजता उठता, कधी जेवता, कामाला कधी निघता. दिवसाला शिस्त लागली ना, की अर्धा ताण तिथंच उतरतो."

रिसॉर्टच्या जेवणघरात खुर्च्या गोल मांडून सगळ्या स्टाफला बसवलं होतं. माळी, वेटर, खोल्या झाडणाऱ्या मुली, किचनमधल्या चौघी. मॅडम पुण्याहून खास आणलेल्या. विषय : बदलाशी जुळवून घेणं आणि ताण हाताळणं. वेळ तीन ते पाच, मागाहून चहा-सामोसा. सामोशाच्या आशेने सगळ्यांनी माना खाली घालून वर्तुळं काढली. किचनमधली आनंदी खवणेकर मात्र पेन धरून नुसतीच बसली.

"काय झालं, मावशी? लिहिता येतं ना?"

हे विचारायला नको होतं. आनंदी नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हे.

"येता तर. सातवी शिकलंय. पण दिवस खयचो लिवू?"

"रोजचा."

"रोजचो म्हणजे खयचो?" मग मॅडमना कळावं म्हणून तिने भाषा बदलली. "कुठल्या तिथीचा? अष्टमीचा लिहू की पौर्णिमेचा? माझे दोन दिवस एकसारखे नसतात. एका वर्तुळात मावायचे नाहीत. पंधरा कागद द्या."

माळी खो खो हसला. मॅनेजर कौस्तुभ घाईघाईने पुढे आला. "मॅडम, या मावशी पूर्वी खाडीत तिसऱ्या काढायच्या."

"पूर्वी न्हय," आनंदी म्हणाली. "अजून काढतंय."

ती सांगत होती ते सरळ होतं, पण पुण्याच्या माणसाला ते एका दमात कळणं कठीण. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातलं म्हावरं, खाडीच्या वाळूत पुरलेलं. पाणी सुकलं की बायका टोपल्या घेऊन उतरतात, वाकून बोटांनी वाळू उकरतात आणि भरती चढायच्या आत बाहेर येतात. सुकती म्हणजे ओहोटी रोज त्याच वेळी येत नाही. आज आठला, तर उद्या पावणेनऊला, परवा साडेनऊला. म्हणून मिठबावच्या खाडीवर जगणाऱ्या बाईचा स्वयंपाक, झोप, बाजार, अगदी भांडणसुद्धा रोज पाऊण तास पुढे सरकतं. पंधरवडा फिरला की चक्र परत जागेवर.

त्याचा हिशोब आनंदीला सासूने शिकवला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी खाडी रिकामी. सासू गेल्यावर वाडीतल्या आठ बायकांना वेळ सांगायचा मान आनंदीकडे आला. संध्याकाळी जी ती तिच्या पायरीपाशी थांबून विचारायची, "उद्या केदना गो?" आनंदी चुलीपुढून न उठता सांगायची, "सात." बास. का, कसं, कोणी विचारत नसे. सोळा वर्षांत तिची वेळ चुकली नव्हती, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगत असे. गर्व होता तिला. असायलाच हवा होता.

मग खाडी बिघडली. अवकाळी पावसाचं गोडं पाणी, वरच्या अंगाला वाळूचा उपसा, कारणं काही का असेनात, टोपलीभर तिसऱ्या मिळायच्या तिथे अर्धी टोपली भरेना. नवरा काशीराम देवगडच्या ट्रॉलरवर खलाशी, पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी. तशात जाळी वाळत घालायच्या जागेच्या बाजूलाच हे रिसॉर्ट उभं राहिलं. वाडी रुसून बसली. त्यांच्या दारात पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. पहिला पाय आनंदीने ठेवला.

"आमच्या काठावर बसान धंदो करतले आणि पगार भायरचे खातले? कित्याक?" असं वाडीला सुनावून ती थेट कौस्तुभपुढे जाऊन उभी राहिली. "तुमच्याकडे मासे कोण साफ करतो? काल पाहुण्यांच्या ताटात पापलेटाचं खवलं होतं म्हणे."

नोकरी मिळाली. नऊ ते सहा, सोमवारी सुट्टी. कॉफीचं यंत्र आठवड्यात शिकली. अंड्याचे पाच प्रकार शिकली, त्यातले तीन तिला बिनडोक वाटले, तरी शिकली. दारातल्या यंत्रावर अंगठा लावून आत जायचं, हेही शिकली. बदल म्हटल्यावर हातपाय गाळणाऱ्यातली ती नव्हतीच. तिचं म्हणणं एवढंच की आपण दहा पावलं बदललो, तर समोरच्याने एक तरी बदलावं.

चौथ्या महिन्यात छाती धडधडायला लागली. भांडी घासताघासता एकदम, कारण नसताना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पट्टा बांधून रक्तदाब मोजला. म्हणाले, थोडा वाढलाय, ताण दिसतो. आनंदी घरी येईपर्यंत धुसफुसत होती. ताण? गुडघाभर चिखलात तीस वर्षं काढलेल्या बाईला, डोक्यावर छप्पर आणि पायाखाली फरशी मिळाल्यावर ताण?

समीक्षा मॅडम तशा वाईट नव्हत्या. चहाच्या वेळी त्या आपणहून आनंदीच्या शेजारी येऊन बसल्या, तिच्या धडधडीचं सगळं ऐकून घेतलं. "वर्तुळ राहू द्या. एक करा. धडधड होईल त्या दिवशी कॅलेंडरवर नुसती खूण करा. महिनाभर. पुढचं मी नाही सांगणार, ते तुमचं तुम्हाला दिसेल."

किचनमध्ये मसाल्याच्या व्यापाऱ्याने दिलेलं कॅलेंडर होतं, नुसत्या तारखांचं. त्यावर आनंदीने पेन्सिलीने फुल्या मारल्या. महिन्याअखेर पाहते तर फुल्या सगळीकडे पसरलेल्या नव्हत्या. पाच-सहा दिवस सलग, मग आठ-नऊ दिवस कोरे, मग पुन्हा सलग. तिने बोटांवर तिथ्या मोजल्या आणि हसूच आलं. ज्या दिवशी सुकती दुपारी भांडी घासायच्या वेळेला यायची, त्याच दिवशी फुली. मोरीच्या खिडकीतून खाडी दिसे. पाणी सरत जाई, वाळू उघडी पडे, जाऊ जानकी आणि बाकीच्या बायका वाकलेल्या दिसत, आणि आनंदीचे हात कढईच्या करपलेल्या बुडाशी. छाती धडधडणार नाही तर काय करणार!

दुखणं कळलं, पण कळल्याने काही फिटत नाही. सुट्टी सोमवारचीच. म्हणून अधूनमधून जायची ती आता दर सोमवारी नेमाने खाडीत जाऊ लागली. सोमवार ते सोमवार सात दिवस, म्हणजे सात तिथ्या पुढे. घरच्या पंचांगाकडे बघायची गरजही उरली नाही. बाकीचे दिवस बायका पाणी बघून उतरत, सोमवारची वेळ मात्र तिलाच विचारत. आणि तिथेच घात झाला.

त्या सोमवारच्या आदल्या सोमवारी एकादशी होती. उपास होता, पक्कं आठवत होतं. सात पुढे म्हणजे तृतीया. भरती सव्वादोन, पाणी परतणार सव्वाआठला. "सातांक उतराया, सवानवांक भायर," तिने आदल्या संध्याकाळी पायरीवरून सांगितलं. आठही जणी तिच्याबरोबर उतरल्या. अमावास्येनंतरचं उधाण, खाडी खोल सुकलेली. पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर तिसऱ्या चांगल्या लागत होत्या. तिथे जायला मधली नळी ओलांडावी लागे, मांडीभर पाण्याची.

साडेआठच्या सुमाराला जानकीने मान वर केली. "वयनी, पाणी चढता गो."

"खंय चढता? अजून आत्ता खंय सुकती सरली."

"माझ्या टोपलेक लागला बघ."

"वारो आसा तो. वारो पाणी ढकलता. खाली बघ आणि उकर."

जानकी परत वाकून उकरू लागली. सोळा वर्षांचा मान होता तो, तिने राखला. पंधरा मिनिटांनी पुन्हा म्हणाली, "वयनी…" आनंदी खेकसली, "वेळ तू सांगतंस की मी?"

नऊ वाजता मधल्या नळीत मांडीऐवजी छातीभर पाणी होतं आणि ओढ लागली होती. सगळ्या जणींनी एकमेकींचे हात धरले. जानकी बुटकी. मध्यावर आल्यावर तिची हनुवटी पाण्याला टेकली, पाय सुटला, डोक्यावरची टोपली उलटून गेली. आनंदीने तिचा अंबाडा धरला. केसच धरले तिचे, आणि तसंच खेचत काठाला आणलं. काठावर जानकी खोकत होती, शिव्या देत होती. "आवशीचो घो त्या वाऱ्याचो!" कोणी हसलं नाही.

घरी गेल्या गेल्या आनंदीने भिंतीवरचं पंचांग वाचलं. त्या आठवड्यात त्रयोदशी दोन दिवस होती. बुधवारी त्रयोदशी, गुरुवारी परत त्रयोदशी. मग सोमवार तृतीयेचा नव्हताच, द्वितीयेचा होता. पाणी साडेसातलाच परतलं होतं. पाऊण तासाच्या चुकीपायी आठ बायकांना तिने चढत्या पाण्यात उभं ठेवलं, वर जी खरं सांगत होती तिला गप्प केलं.

त्या संध्याकाळी तिच्या पायरीपाशी कोणी थांबलं नाही. जानकीच्या पडवीत सगळ्या जमल्याचा आवाज येत होता. आनंदी ऐकत बसली. ती असं किती वेळ बसणार? उठली, पंचांग खिळ्यावरून ओढलं आणि जाऊन त्यांच्या मध्येच उभी राहिली. बायका मोबाइलवर भरतीची वेळ बघत होत्या. तिला बघून एकीने मोबाइल पदराखाली घेतला.

"लपवतंस कित्याक? बघूकच होया. मी पण बघतलंय." तिने पंचांग उघडून दोन त्रयोदश्यांवर बोट ठेवलं. "हय चुकलंय. माझ्या तोंडान सांगतंय, पाठीमागसून बोला नको."

जानकीने डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. ती शांतपणे म्हणाली, "वयनी, तू चुकलंस म्हणान आमी भियाक नाय. चूक कोणाचीय होता. मी दोनदा सांगलंय आणि तू आयकलंस नाय. तेका भियालंव."

आनंदीने पंचांग मिटून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"आता एक काय तां कर," जानकी म्हणाली. "नोकरी कर, नायतर खाडी कर. आठवड्यातसून एक दिवस पाण्यात येवन पाणी कळणा नाय."

काशीरामनेही ट्रॉलरवरून फोनवर तेच सांगितलं. "सोड ती नोकरी. नायतर सोड खाडी. दोन होड्येत पाय ठेव नको." आणि बुधवारी कौस्तुभने तिला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला. घरचं उरकून येताना महिन्यात अकरा वेळा दहा-पंधरा मिनिटं उशीर. "मावशी, शनिवारपर्यंत यावर सही करून द्या. नऊ ते सहा, रोज, कबूल. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल. एक काय ते ठरवा."

एक काय ते ठरवा! जो उठतो तो हेच सांगतो. जाऊ सांगते, नवरा सांगतो, पोरगेला मॅनेजर सांगतो. आनंदी किचनमध्ये आली आणि बांगड्याच्या पोटात सुरी अशी घातली की शेजारी भाजी चिरणारी संजना दचकली.

"काय झाला गो?"

"मी ठरवलंय. दोनय करतलंय."

संजना वरच्या गावची. घरची भातशेती, काजू. तळेऱ्याच्या रस्त्याला लागणारी तिची एसटी साडेपाचला सुटे आणि ड्युटी सुटे सहाला. रोज ती कोणाच्या तरी रिक्षेची, दुचाकीची वाट बघत काळोख होईपर्यंत नाक्यावर उभी राही. सकाळी मात्र तिची गाडी पावणेसातलाच येऊन पोचायची. सव्वादोन तास ती बाकावर बसून काढायची, कारण यंत्र नऊच्या आधी अंगठा घेत नसे.

"तू सातांक ये आणि चारांक जा," आनंदी म्हणाली. "न्हेरी तुझी. रात्रीचा जेवाण माझा. मधला आमी चौघी वाटून घेवया."

"सायब आयकतलो?"

"त्येका आयकूक आमी देतलंव खंय? आमी करून दाखवतलंव."

दोन दुपारी चौघींनी वर्तुळाचे उरलेले कागद चिकटवून पंधरा दिवसांचा तक्ता केला. तिथी, सुकती, कोण किती वाजता येणार, कोण कधी जाणार. प्रत्येकीचे नऊ तास भरत होते, न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत चूल एकदाही सुनी पडत नव्हती. उलट नऊच्या आधी चहा मागणाऱ्या पाहुण्यांचीही सोय झाली होती, जी आजवर नव्हती.

शनिवारी कौस्तुभने तक्ता पाहिला. मग फोनवर कोणाला तरी "हो सर, हो सर" म्हणाला. मग टेबलाच्या खणातून पित्ताची गोळी काढून पाण्याशिवाय गिळली.

"मावशी, असं नाही चालत. सिस्टीममध्ये एकच शिफ्ट आहे."

"मग सिस्टीमला शिकवा. मी कॉफीचं यंत्र शिकले ना?"

"तुम्हाला बदल स्वीकारायला हवा, मावशी. जग घड्याळावर चालतं."

आता मात्र आनंदीचा पारा चढला. पण आवाज तिने चढवला नाही. ऑफिसातली मराठी तिला चांगली येत होती. "सर, तुमची सनसेटची बोट रोज पाच वाजता सुटते. घड्याळावर. पौर्णिमेला पाहुणे जास्त असतात, आणि पौर्णिमेला पाच वाजता खाडीत पाणी नसतं. गेल्या दोन्ही पौर्णिमांना बोट चिखलात रुतली. माणसं दोन तास डास मारत बसली. मी खिडकीतून बघत होते. बोटीला मेमो दिलात का तुम्ही?"

कौस्तुभने तक्ता खाली ठेवला. "मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"विचारलंत कधी?" असं ती बोलून गेली, पण लगेच तिला जानकीची हनुवटी आठवली, पाण्याला टेकलेली. "माझंही चुकलं. सांगायला हवं होतं. आता सांगते ते तरी ऐका. पंधरा दिवस या तक्त्याने काम होऊ दे. एका जरी पाहुण्याचं ताट उशिरा गेलं, तर मी आपण होऊन जाईन."

तो तयार झाला, पंधरा दिवस अंगठ्याचं यंत्रही बंद ठेवलं. मनापासून नव्हे, पण पौर्णिमेच्या बोटीचा फोटो कुठल्याशा पाहुण्याने टाकून खाली जे लिहिलं होतं, ते त्याला झोंबत असणार.

पंधरा दिवस चौघींनी दात-ओठ खाऊन काम केलं. ताट उशिरा गेलं नाही. संजना उजेडात घरी पोचू लागली. आनंदी सुकतीला खाडीत, बाकी किचनमध्ये. व्यापाऱ्याच्या कॅलेंडरवर दोनच फुल्या पडल्या, त्यातली एक काशीरामशी फोनवर भांडली त्या दिवशीची. खाडीत मात्र तिने वेळ सांगितली नाही. वेळ मोबाइल सांगायचा, पंचांगाशी ताडून जानकी बघायची, आणि आनंदी टोपली घेऊन मागून उतरायची. ते तिला रोज गिळावं लागत होतं. एकदा जानकी म्हणाली, "मोबाइल धा म्हणता. तुका काय वाटता?" आनंदीने वाकून पाण्यात हात घातला, ओढ बघितली. "मोबाइल बरोबर आसा. पण तुका चढल्यासारख्या वाटला तर माका सांग. मी आयकान." जानकीने मान हलवली आणि टोपली उचलली.

मग हेड ऑफिसची मेल आली. कौस्तुभ स्वतःच किचनच्या दारात आला. "मावशी, मी खूप सांगून बघितलं. ते म्हणतात वेगवेगळ्या वेळा चालणार नाहीत. उद्यापासून सगळ्यांना नऊ."

किचनमध्ये कढीला फोडणी बसत होती. संजनाने गॅस बारीक केला. आनंदीने हात पुसले.

"उद्या पंचमी, सर. पावणेदहाला सुकती. मी साडेबाराला येईन. संजना सातला येईल, बाकीच्या दोघी तक्त्यात लिहिल्यात तेव्हा. चाळीस न्याहाऱ्या आहेत, चाळीसही वेळेवर जातील. कामावरून काढायचं असेल तर आजच काढा. उद्या मला वेळ नाही."

"माका पण काढा मगे," संजना म्हणाली. ती आनंदीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

कौस्तुभने चौघींकडे बघितलं. कोणालाच काढलं नाही. निघून गेला, जाताना पित्ताची गोळी शोधत.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला, पायाची वाळू नळावर धुऊन, आनंदी रिसॉर्टच्या दाराशी आली. अंगठा लावला. यंत्राने लाल दिवा लावून पिपाणी वाजवली. कौस्तुभ काउंटरवर बसला होता. त्याच्यापुढे एक साधी वही होती, नवी, पट्टीने रकाने आखलेली. त्याने वही तिच्यापुढे फिरवली.

"यंत्राचं मी बघतो. त्यांना काय सांगायचं तेही बघतो. इथे सही करा."

आनंदीने वाचलं. नाव, तारीख, वेळ साडेबारा. शेवटच्या रकान्यात, शेरा : उशिरा.

तिने त्याच्या खिशातलं पेन घेतलं, तो शब्द आडव्या रेघेने खोडला, वर अक्षर न अक्षर सुटं काढत लिहिलं, 'वेळेवर', आणि मग खाली सही केली.

"तिथी घालूक पण एक रकानो आख," पेन परत देताना ती म्हणाली आणि आत गेली. संजनाने बांगडे तिच्यासाठी बाजूला काढून ठेवले होते.